कर्ता हरवलेला नकाशा

जुन्या वनस्पती-नकाशाची संगणकीय प्रत हे एक विधान असते: अमुक काळी, अमुक जागी, अमुक प्रकारचे वन होते. ते वन आज पाहता येत नाही, म्हणून हे विधान कोणाच्या तरी सांगण्यावरच उभे राहते. भारतीय दर्शनांच्या परिभाषेत हा शब्दप्रमाणाचा विषय आहे. अशा नकाशाचे मूळ शोधणे म्हणजे सांगणाऱ्याची परीक्षा करणे.

नाशिकच्या पश्चिमेस, त्र्यंबक रस्त्यावरचे सातपूर या परीक्षेसाठी फार उपयुक्त ठिकाण आहे. २० अंश उत्तर अक्षांश या परिसराला लागूनच जातो आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांचा सांधा नेमका त्याच अक्षांशावर येतो. उत्तरेचा भाग ४६ एच या पत्रकात मोडतो, दक्षिणेचा ४७ ई मध्ये. शेजारची दोन पत्रके एकाच वर्षी मोजलेली असतीलच असे नाही. संगणकावर ती जोडली की सांधा पुसला जातो, वयातला फरक मात्र आत तसाच राहतो. मग रेषेच्या एका अंगाला झाडी आणि दुसऱ्या अंगाला मोकळे रान दिसले, तर तो फरक जमिनीतला की कागदातला, हे चित्र पाहून ठरवता येत नाही.

संगणकीय थरामागे छापील पत्रकाचे स्कॅन असते. ते अक्षांश-रेखांशांवर बसवणारा एक, रंगांच्या कडा गिरवणारा दुसरा, मूळ पत्रक आखणारा तिसरा आणि त्याच्याही मागे रान तुडवणारा सर्वेक्षक. जुनी पत्रके एव्हरेस्ट नावाच्या पृथ्वीमापावर बेतलेली आहेत, तर उपग्रहांवर चालणारी आजची साधने डब्ल्यूजीएस ८४ या मापावर. हा फरक जुळवून घेतला नाही तर जागाच सरकते. सर्वेक्षकाने दाखवलेली राखीव वनाची हद्द ही कायद्याची हद्द असते. तिच्या आत झाडे आहेतच असे ती म्हणत नाही. गिरवणाऱ्याने तिला वनाची कड मानले, की कायद्याचे विधान नकळत निसर्गाचे होऊन बसते.

न्यायसूत्रांनी आप्ताच्या उपदेशाला शब्दप्रमाण म्हटले. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते, ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जो ती जशी जाणली तशी सांगू इच्छितो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू होते. वसाहतकाळातील नकाशांबाबत ही उदारता महत्त्वाची ठरते. सर्वेक्षक परक्या सत्तेचा चाकर होता, एवढ्याने त्याची साक्ष बाद होत नाही. त्याने काय पाहिले आणि कशासाठी नोंदले, एवढेच विचारायचे.

मीमांसकांची भूमिका वेगळी आहे. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते आणि बाधक पुरावा येईपर्यंत ते टिकते, असे ते मानतात. नैयायिकांच्या मते ते बाहेरून तपासावे लागते. संगणकीय नकाशे वापरणारे बहुतेक जण, नकळत का होईना, मीमांसकांच्या बाजूने चालतात. पण मीमांसेने वेदाला निर्दोष मानले ते तो अपौरुषेय आहे म्हणून: शब्दातले दोष वक्त्याकडून येतात, वक्ताच नसेल तर दोषाला जागा नाही. नकाशाचा कर्ता विस्मरणात गेला म्हणून नकाशा अपौरुषेय होत नाही. कर्त्याचे दोष तिथेच राहतात, फक्त ते शोधण्याची वाट बंद होते. मूळ न सांगणारा नकाशा आपल्या वाट्याला न आलेला अधिकार घेऊन बसतो, आणि हीच त्यातली खरी हानी आहे.

काही नकाशे तर पाहिलेले सांगतच नाहीत. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने आंरी गोसाँ यांच्या पद्धतीने, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने, १:१०,००,००० प्रमाणावर वनस्पती-पत्रके काढली. कन्याकुमारीचे पत्रक १९६१ चे. त्यांत झुडपी रान आणि दाट वन या एकाच वनस्पती-मालिकेच्या अवस्था मानल्या आहेत. हवामान, माती आणि उरलेली झाडे यांवरून पूर्ण वाढलेल्या वनाची कल्पना बांधली जाते. हे अनुमान आहे, आणि मोठ्या अभ्यासाचे आहे. मात्र संगणकात आल्यावर ते 'पूर्वीचे वन' या नावाने फिरू लागले, तर अनुमानाला प्रत्यक्षाची जागा मिळते.

नकाशातल्या कोऱ्या जागेचा प्रश्न याहून अवघड आहे. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, अभाव जाणण्याचे प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती दिसण्याजोगी असायला हवी. दहा लाखाच्या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे एक किलोमीटर. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. त्यांतल्या काही एकरांच्या रायांना अशा पत्रकावर ठिपक्याचीही जागा मिळत नाही. देवाच्या नावाने राखलेली झाडे नकाशात नाहीत, म्हणून ती नव्हती असे म्हणता येत नाही.

सातपुरात आता जमिनीवर पडताळा घेणे कठीण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. पुढे इथे कारखाने उभे राहिले आणि जुन्या रानाच्या खुणा बुजल्या. जितका पडताळा कमी, तितका भार साक्षीदाराच्या ओळखीवर पडतो.

त्या दृष्टीने नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याचा लेख पाहण्यासारखा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नानंगोल गावची ३२,००० नारळाची झाडे दान केल्याचे तो सांगतो. दान कोणाला, हेही त्यात आहे: गोवर्धन, शूर्पारक आदी ठिकाणच्या चरक नावाच्या संन्याशांच्या समुदायांना. गोवर्धन नावाचे गाव आजही गंगापूरजवळ आहे. आकडा गोल आहे आणि लिहिणाऱ्याचा हेतू पुण्यसंचयाचा. दोन्हींमुळे शंका घेता येते. ती घेता येते, कारण दाता, गाव, झाड आणि हेतू चारही दगडावर नावानिशी कोरलेले आहेत. संगणकीय नकाशाच्या सोबत सर्वेक्षणाचे वर्ष, प्रमाण, कर्ता, हेतू आणि प्रत्येक सीमारेषा पाहून काढली की तर्काने, एवढी नोंद ठेवली, तर त्याच्यावरही अशीच शंका घेता येईल.