उसने विरजण

आपल्या भाषेने विरजणावर मोठा अन्याय केला आहे. सहलीच्या दिवशी पाऊस कोसळला, की आपल्या आनंदावर विरजण पडते. ठरलेले लग्न मोडले, की दोन्ही घरांच्या उत्साहावर विरजण पडते. जणू विरजण म्हणजे चांगल्याचे वाईट करणारी एखादी चीज! खरे पाहता, ज्या दुधात विरजण पडत नाही तेच शेवटी नासते. ज्यात पडते त्याचे दही होते, ताक होते, लोणी होते, आणि अखेर देवापुढच्या निरांजनात जळणारे तूपही त्याचेच होते.

विरजणाची ही वकिली मी आज एवढ्या आवेशाने करतो आहे, त्याला कारण आहे. ते सणाच्या दिवसांत सांगण्याजोगे आहे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

२०२० सालचा गुढीपाडवा आठवून पाहा. मार्चची पंचवीस तारीख. आदल्या रात्री आठ वाजता एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झालेली. आमच्या गुढीला त्या वर्षी कडुलिंबाचा डहाळाही मिळाला नाही. रस्ता असा निपचित पडला होता, की दूरच्या कावळ्याचे ओरडणेदेखील घरात ऐकू यावे. अशा त्या सकाळी आमचे दार वाजले. समोरच्या माई होत्या. त्या एकट्याच राहतात, मुलगा परदेशी. जिन्याच्या कठड्याशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "वहिनी आहेत का? चमचाभर विरजण हवं होतं. माझं अगदी आंबट ढाण झालंय."

मला राग आला. जगावर एवढे संकट कोसळलेले, आणि या बाईंना दह्याची चिंता! पत्नीने वाटीत विरजण घालून ती उंबऱ्याबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती आवळासुपारीने भरून. मी ती वाटी दोनदा धुवायला लावली, हेही कबूल केले पाहिजे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहत. सारे त्यांना 'साहेब' म्हणत. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. त्यांनी कधी कुणाकडे साखर मागितली नाही, कधी कुणाला बाजारातून काही आणायला सांगितले नाही. इमारतीची वर्गणी मात्र पहिल्या तारखेला पोचती. "माणूस असावा तर असा. कुणाच्या अध्यात ना मध्यात!" असे मी पत्नीला नेहमी सांगे, आणि सांगताना माझा रोख माईंकडे असे.

जून महिन्यात एके दिवशी वर गच्चीवर जाताना साहेबांच्या दाराला अडकवलेली दुधाची पिशवी दिसली. दुपार झाली होती. दुसऱ्या दिवशी तिथे दोन पिशव्या होत्या. मी थांबलो. हात कडीपर्यंत गेलाही असेल. पण मनात आले, त्यांना आवडायचे नाही, उगीच कशाला? मी खाली आलो. तिसऱ्या दिवशी माईंनी त्या पिशव्या पाहिल्या आणि दाराचा असा काही धोशा लावला, की सारी इमारत गोळा झाली. साहेब तापाने अर्धवट शुद्धीत होते. रुग्णालयात नेल्यावर आठवड्याने ते गेले. दोन दिवस आधी नेले असते तर वाचले असते का? याचे उत्तर मला कुणी दिले नाही, आणि मी विचारण्याचे धाडसही केले नाही.

पुढे जो भेटे तो म्हणे, "मोठा स्वाभिमानी माणूस. शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही." मीही तेच म्हणालो. म्हणताना मात्र घशात काहीतरी अडकले. एखाद्याने आपल्याला त्रास दिला नाही, ही त्याची स्तुती, की आपल्याविषयीचा त्याचा निकाल?

दोनच महिन्यांनी आम्हा दोघांना ताप आला. फोन हातात घेतल्यावर मी कुणाचे नाव शोधले असेल? माझ्या यादीत मोठमोठी माणसे होती. मी फोन लावला तो माईंना. त्यांच्याकडे मागायला मला संकोच वाटला नाही, याचे कारण एवढेच, की त्यांनी माझ्याकडे आधी मागितले होते. चौदा दिवस आमचा डबा त्या कठड्यावर येत होता. चमचाभर विरजणाने केवढी वाट मोकळी करून ठेवली होती, ते मला तेव्हा कळले.

संकटाच्या काळात मन खंबीर ठेवावे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. हा उपदेश खोटा नाही. पण तो अर्धा आहे. मराठीत 'धीर' या शब्दाला दोन क्रियापदे लागतात. धीर धरायचा असतो आणि धीर द्यायचाही असतो. आपण धरण्याचे पोवाडे गातो आणि देणे हे सांत्वनाच्या भेटीपुरते राखून ठेवतो. धीर ही प्रत्येकाने आपापल्या तिजोरीत साठवायची ठेव आहे, असा आपला समज. वास्तविक धीराची जात विरजणाची आहे. विरजण साठवता येत नाही. चार दिवस झाकून ठेवले तर ते आंबते, निकामी होते. ते वापरावे लागते, वाटावे लागते. आणि आपले बिघडले तर ज्याला वाटले त्याच्याकडूनच परत आणावे लागते. तेव्हा परत येते ते माईंचे असते की आपले, हे कोण सांगू शकेल?

हे केवळ आमच्या जिन्यापुरते सत्य आहे, असे कुणी म्हणेल. तसे नाही. १९९५ च्या जुलैत अमेरिकेतल्या शिकागो शहरात उन्हाची भयंकर लाट आली. सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत बंद दाराआड एकट्याने राहणारी वृद्ध माणसे फार होती. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या मृत्यूंचा अभ्यास केला. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन वस्त्या एकमेकींना लागून. ऊन तेच, गरिबीही दोन्हीकडे, एकटे म्हातारेही दोन्हीकडे. आणि तरी मृत्यूच्या प्रमाणात जवळजवळ दहापट फरक! एका वस्तीतली दुकाने उठून गेली होती, रस्ते ओस पडले होते, माणसे भीतीने दार उघडत नव्हती. दुसरीत दुकाने होती, वर्दळ होती. म्हातारे पाय मोकळे करायला बाहेर पडत आणि कुणाच्या तरी नजरेस पडत. दुसऱ्या वस्तीतले लोक मनाने अधिक कणखर होते असे नव्हे. त्यांचा रस्ता जिवंत होता.

आणि हे विरजण जिन्यापुरतेच राहते असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर घरे दुरुस्त करण्याच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साथीने गावोगावच्या बायका पुढे आल्या. सरकारी योजना दारोदार समजावून सांगणे, बांधकामावर लक्ष ठेवणे, ही कामे त्या करू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छची धरणी हादरली, तेव्हा मराठवाड्यातल्या अशाच काही बायका गुजरातेत गेल्या. भाषा निराळी, पदर घेण्याची रीत निराळी. पण कोसळलेल्या घरापुढे बसलेल्या बाईला "आमचंही असंच झालं होतं, आणि आम्ही पुन्हा उभ्या राहिलो," हे सांगण्याचा अधिकार जगात त्यांच्याइतका कुणाला होता? २००४ च्या डिसेंबरातल्या त्सुनामीनंतर हाच अनुभव तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. किल्लारीचे विरजण कुठल्या कुठे जाऊन लागले, पाहा!

तथापि, माझ्याच म्हणण्याविरुद्ध एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. एकजूट हा नेहमीच सद्गुण असतो असे नाही. त्याच २०२० साली कित्येक गावांनी काटेरी फांद्या टाकून आपले रस्ते बंद केले, आणि शहरातून पायी परतलेली स्वतःची लेकरे वेशीवर अडवली. रुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना घरमालकांनी बिऱ्हाड हलवायला सांगितले. टाळ्या आणि थाळ्या वाजवणारे हात आणि दार लावून घेणारे हात पुष्कळदा एकच होते. मीही वाटी दोनदा धुववली होती, हे विसरून चालायचे नाही. शिवाय कुणाच्या घरचे विरजण चालते आणि कुणाच्या घरचे चालत नाही, याचा हिशेब आपल्या समाजाने शतकानुशतके किती काटेकोर ठेवला! 'आपली माणसे' एवढ्यापुरतीच जी माया असते, ती संकट येताच कुंपण होते.

म्हणून या विषयावर विचार करताना मला एक जुने उदाहरण आठवते. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर असलेले दत्तक पुत्र यशवंत यांच्यासह हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याबाहेरच्या दलित वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या घरातले पाणीदेखील त्या काळच्या पुण्यातल्या कितीकांना चालले नसते, त्या घरातले मूल त्यांना आपले वाटले. आपल्यासारख्यांना तेवढी झेप साधणार नाही. पण दिशा तीच आहे.

आता संकटे आपल्या गावाची परवानगी घेऊन येत नाहीत. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि आपल्या कढईतले सूर्यफुलाचे तेल महागले. एवढ्या मोठ्या जगापुढे आपण फार लहान आहोत, असे वर्तमानपत्र मिटताना वाटते. ते खरेही आहे. युद्ध आपल्याला थांबवता येत नाही. दारावर लोंबणारी दुधाची पिशवी मात्र आपल्याला दिसू शकते. आणि दिसल्यावर कडी वाजवायची की नाही, हे सर्वस्वी आपल्याच हाती असते.

द्यायला आपण सारे एका पायावर तयार असतो. त्यात मोठेपणा असतो. अवघड आहे ते मागणे. साहेबांना ते जमले नाही, आणि त्यांच्या न मागण्याचे कौतुक करून आम्ही ते आणखी अवघड करून ठेवले.

साहेबांच्या जागेत यंदा एक तरुण जोडपे राहायला आले आहे. दोघे सकाळी जातात, रात्री येतात; कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. परवा रविवारी मी रिकामी वाटी घेऊन वर गेलो. घरात दही होते, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

"चमचाभर विरजण मिळेल का?" मी विचारले.

मुलगी गोंधळली. "काका, आम्ही डब्यातलं विकतचं दही आणतो. ते चालेल?"

"न चालायला काय झालं?" मी म्हणालो.

रात्री पत्नीने कोमट दुधात ते विरजण लावले. सकाळी दही घट्ट लागले होते. वाटी धुऊन ठेवली आहे. या वेळी एकदाच. दिवाळीचा फराळ झाला, की ती वर पोचवायची आहे. रिकामी वाटी कशी परत करायची?