दहाव्या मिनिटाचा निकाल

जोयड्याच्या तालुका इस्पितळात एक बाळ जन्मल्यावर रडलं नाही, असं समजा. अंबू बॅगने श्वास दिल्यावर बऱ्याच वेळाने ते धुगधुगलं. आता त्याला हुबळीला किंवा बेळगावला न्यायचं आहे आणि घरचे विचारतात, पुढे चालेल-बोलेल ना? या प्रसंगी एखादा अनुभवी डॉक्टर काय म्हणेल, याचा अंदाज करता येतो.

“लक्षणं वाईट आहेत. दांडेलीपर्यंत जंगलातला रस्ता, पुढे शहरातला खर्च. ‘फारशी आशा नाही’ हे आत्ताच सांगून टाकणं जास्त प्रामाणिक नाही का?”

डॉक्टर, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण ते वाक्य खरं आहे का, हे आधी पाहू. बाळाची शुद्ध, अंगाचा ताठपणा-ढिलेपणा, प्रतिक्षिप्त क्रिया यांवरून मेंदूची इजा सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवणारी सार्नाट यांची पद्धत १९७६ची आहे आणि आजही वापरात आहे. मात्र ही अवस्था तासागणिक बदलते. त्याहून बोलका दाखला दहाव्या मिनिटाचा आहे. दहा मिनिटं हृदयाचा ठोकाच मिळाला नाही तर प्रयत्न थांबवण्याचा विचार करावा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनचं २०१०चं मार्गदर्शन होतं. २०२०मध्ये ती वेळ सुमारे २० मिनिटांवर गेली, कारण जिथे हात थांबले नव्हते तिथली काही बाळं जगली होती, आणि त्यांतली काही मोठं अपंगत्व न येता. जिथे हात थांबले, तिथे मात्र दगावलेलं प्रत्येक बाळ भाकीत खरं ठरल्याचा पुरावा म्हणून मोजता येत होतं. भाकीत केलं, त्याप्रमाणे वागलो, आणि मग भाकीत बरोबर निघालं! तुमचं ‘आशा नाही’ हे वाक्यही असंच आहे: ते ऐकून घरचे बाळाला घरी नेतात, आणि तुमचा अनुभव आणखी पक्का होतो.

“पण मोठ्या देशांत हजारो बाळांवर अभ्यास झालेत. ते तक्ते तरी मानाल?”

मानतो, पण जिथले आहेत तिथल्यापुरते. जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करून ७२ तास बाळाचं तापमान ३३-३४ अंशांवर ठेवल्याने मृत्यू आणि अपंगत्व घटतं, हे श्रीमंत देशांत सिद्ध झालं होतं. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या इस्पितळांत, त्यात मुंबईचं शीव इस्पितळही, ४०८ बाळांवर हेलिक्स चाचणी झाली. २०२१मध्ये निकाल आला: थंड ठेवलेल्यांत ४२ टक्के दगावली, न ठेवलेल्यांत ३१ टक्के. निदानाचं नाव तेच, लक्षणं तीच, परिणाम उलटा. आपल्याकडे इजा बहुधा प्रसूतीच्या बऱ्याच आधीपासून होत असावी, असा एक तर्क आहे. उपचारच जर प्रदेश बदलल्याने इतका उलटतो, तर लंडनच्या आकड्यावरून जोयड्यात भविष्य कसं वर्तवायचं?

“म्हणजे ‘सांगता येत नाही’ म्हणून हात झटकायचे? शेत गहाण टाकून धावणाऱ्या माणसाला?”

उलट, नेमकं सांगायचं: आज इतकं दिसतं, झटके येतात का, दूध ओढतं का, हे येत्या दिवसांत कळेल, पहिल्या आठवड्याच्या अखेरीस एमआरआय झाला तर पुष्कळ स्पष्ट होईल, आणि तेव्हा वाईट असेल तर वाईटच सांगितलं जाईल. पैशाचं वेगळं बोला. सरकारी इस्पितळात आजारी नवजाताचे उपचार आणि वाहन मोफत देणारा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. ‘यांना परवडणार नाही’ हा विचार ‘मेंदू वाचणार नाही’ या शब्दांत सांगितला जातो, ही मला भाकिताची सर्वांत वाईट फसवणूक वाटते.

“आणि आठवड्याने खात्री पटेल तेव्हा बाळ आपलं आपण श्वास घेत असेल. तेव्हा थांबवण्यासारखं काही उरणार नाही.”

हा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही. तरी श्वासाचं यंत्र काढण्याची सोय व्हावी म्हणून निदान लवकर उरकणं म्हणजे आधी कळस, मग पाया. माझा आग्रह मानला तर काही मुलं गंभीर अपंगत्व घेऊन जगतील, आणि त्याचा भार माझ्यावर नव्हे, त्यांच्या आयांवर पडेल. अशा मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. पण त्यातली उपचार केंद्रं जिल्हा पातळीवरची, आणि जोयड्याहून जिल्ह्याचं ठिकाण कारवार अणशी घाटाखाली. दर आठवड्याला लुळं मूल कडेवर घेऊन तो घाट कोण उतरणार? भाकीत लांबवा म्हणणाऱ्याने व्यायाम शिकवणारा माणूस गावापर्यंत आणण्याची मागणीही त्याच दमात करायला हवी.