हिरवळ कोणासाठी?



कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने २२ एप्रिल २००९ पासून केवळ शोभेसाठी तणनाशके व कीटकनाशके वापरण्यास बंदी केली. घरापुढच्या हिरवळीप्रमाणे बहुतेक खेळाची मैदानेही या बंदीत आली. आता मैदान सांभाळणारे गवत जरा उंच ठेवतात. त्याच्या सावलीत तण सहसा रुजत नाही. पायांनी दबलेली माती भोके पाडून मोकळी करतात, उघड्या जागी पुन्हा बी टाकतात. यात मेहनत अधिक, हे खरे.

साध्य आणि साधन यांत तत्त्वज्ञान भेद करते. मैदानाचे साध्य खेळ. चेंडू नीट घरंगळला, पडलेल्या मुलाचे गुडघे फुटले नाहीत, की गवताचे काम झाले. मग चार पिवळी रानफुले दिसली म्हणून त्याच गुडघ्यांखाली विष का फवारावे?

गोल्फच्या मैदानांना मात्र कायद्याने सूट दिली. (वापराचा अहवाल दरवर्षी जाहीर करण्याची अट आहे, एवढे बरे.) चेंडू ज्या खळग्यात टाकायचा त्याभोवतीचे गवत तीन-चार मिलिमीटरवर कापतात. इतके तोकडे गवत लवकर रोगाला बळी पडते, म्हणून औषधाची गरज पडते. पण तेवढे तोकडे गवत मागितले कोणी? माणसानेच. आपणच निर्माण केलेल्या गरजेला गरज म्हणावे काय? त्या लहानशा तुकड्यापुरते आम्ही एकवेळ म्हणू. उरलेल्या विस्तीर्ण मैदानाला तीच सूट का, हे मात्र आम्हाला पटत नाही.