संपाची पूर्वसूचना कोणास द्यावी?

शिक्षकांनीं संप करावा कीं न करावा, हा वाद जुना आहे. आज आम्ही वाचकांपुढें त्याच्या शेजारचा एक लहान प्रश्न मांडितों: संप न्याय्य आहे असें गृहीत धरिलें, तरी मुलांच्या आईबापांस तो आगाऊ कळविण्याचें ऋण शिक्षकांवर आहे कीं नाहीं?

हा प्रश्न आम्हांस परका नाहीं. जुन्या निवृत्तिवेतनासाठीं महाराष्ट्रांतील सरकारी नोकर व शिक्षक १४ मार्च २०२३ रोजीं संपावर गेले. २० मार्चास तो मिटला. त्याच वर्षीं इंग्लंडांतही पगारासाठीं शिक्षकांनीं संप केले. तेथें संघास १४ दिवस आधीं नोटीस द्यावी लागे. २०२५ च्या कायद्यानें ही मुदत १० दिवस ठरविली. परंतु ही नोटीस मालकास द्यावयाची, आईबापांस नव्हे. शिवाय आपण संपांत सामील होणार कीं नाहीं, हें शिक्षकानें मुख्याध्यापकास आधीं सांगावें असें बंधन नव्हतें. अशा स्थितींत संपाचा दिवस ठाऊक असूनही आपल्या मुलाचा वर्ग भरेल कीं नाहीं, हें घरीं कसें कळावें?

कोणी म्हणतील, संपाचें बळ अडचणींतच असतें. अडचण टाळिली तर मागणी ऐकतो कोण? ह्यांत तथ्य आहे. पण अडचण कोणाची, हें पाहिलें पाहिजे. तक्रार पगार ठरविणाऱ्याशीं आहे; मजुरीस जाणारी आई त्या करारांत कोठेंच नाहीं. सकाळीं शाळेस कुलूप दिसलें, तर तिची मजुरी बुडते, नाहीं तर मूल एकटें राहतें. शाळा बंद राहिल्याचा जो दाब अधिकाऱ्यांवर पडावयाचा, तो सूचना दिल्यानेंही पडतोच. सूचना न दिल्यानें वाढतें तें केवळ निरपराध्यांचें दुःख.

अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत निदान १० दिवसांची नोटीस कायद्यानें आवश्यक आहे. तेथील शिकागो शहरांत १७ आक्टोबर २०१९ रोजीं सुरू झालेल्या संपांत शाळेचे ११ दिवस बुडाले. परंतु शाळांच्या इमारती उघड्या ठेवून मुलांस जेवण देण्याची तजवीज झाली होती. सूचनेनें संप दुबळा झाला नाहीं. शेवटीं करारही झाला.

तथापि हें ऋण एकट्या शिक्षकाचें नव्हे. सूचनेची मुदत मिळाली असतां अधिकाऱ्यांनीं बोलणीं सोडून केवळ संप मोडण्याची तयारी केली, तर शिक्षकाच्या सरळपणाची ती फसवणूक होय. ज्यांस सूचना हवी, त्यांनीं त्या दिवसांत ऐकून घेतलेंच पाहिजे.

म्हणून आमचें मत असें कीं, मालकास कागद पोंचविल्यानें शिक्षकाचें ऋण फिटत नाहीं. गांवांत ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांच्या घरीं तोंडी निरोप गेला पाहिजे. ज्या आईनें विश्वासानें आपलें मूल हवालीं केलें, तिला “उद्यां मी येणार नाहीं” एवढें सांगण्यास कायद्याची वाट पाहावी लागूं नये.