बावीस आणि तेरा

1912 सालचा मार्च महिना. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचं कोलकात्यातलं शेवटचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा 12 डिसेंबर 1911 च्या दरबारात झाली होती आणि 1 एप्रिलपासून कोलकाता केवळ बंगालची राजधानी उरणार होती. पश्चिम बंगालचे राज्यपाल आज जिथे राहतात, त्या तेव्हाच्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये मुंबई इलाख्याचे प्रतिनिधी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पंधरवड्याच्या अंतराने दोन प्रस्ताव मतास टाकले. 4 मार्चचा ठराव होता गिरमिटिया मजुरीची प्रथा सर्वत्र बंद करण्याचा. बाजूने 22 मतं पडली, विरोधात 33. 19 मार्चला त्यांचं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवायचं की नाही यावर मतं मोजली गेली. बाजूने 13, विरोधात 38.

दोन्ही वेळा गोखले हरले. विधेयकाच्या पराभवाचं कारण आपण शाळेपासून एका वाक्यात ऐकत आलो: सरकारी बहुमतामुळे विधेयक फेटाळलं गेलं. वाक्य खरं आहे, पण त्याने सगळा उलगडा होत नाही. सरकारी बहुमत 4 मार्चलाही होतं आणि 19 मार्चलाही होतं. पंधरा दिवसांत आटली ती आपली बाजू. लोकप्रतिनिधीच्या कामाचा हिशेब मांडताना मतांचे आकडे का जपून ठेवायचे, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला आपल्या इतिहासात सापडलेलं नाही.

गोखले या सभागृहात 1902 साली आले. फिरोजशहा मेहतांनी सोडलेली जागा त्यांना मिळाली होती आणि वय होतं पस्तीस. त्या वेळी 1892 च्या कायद्याप्रमाणे कारभार चाले. सभासदाने अर्थसंकल्पावर भाषण करावं आणि खाली बसावं. त्यावर मतदान नव्हतं, ठराव मांडण्याचा हक्क नव्हता, उपप्रश्नही विचारता येत नसे. म्हणजे गोखल्यांच्या पहिल्या सात-आठ वर्षांत अर्थसंकल्पावरचं त्यांचं एकही मत नोंदलेलं नाही. नोंदली आहेत ती भाषणं, आणि ती मतांइतकीच बोलकी आहेत. 26 मार्च 1902 चं पहिलंच भाषण घ्या. अर्थसदस्य एडवर्ड लॉ यांनी शिलकी अंदाजपत्रक मांडलं होतं. दुष्काळाने नुकताच देश पिळून निघालेला असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो, असं गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिलं. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. तो 1903 मध्ये दोन रुपये झाला, 1905 मध्ये दीड आणि 1907 मध्ये एक रुपया. या कपातीचं सगळं श्रेय एका माणसाला देणं बरोबर होणार नाही. तरी दरवर्षी त्याच सभागृहात, त्याच मुद्द्यावर, नवे आकडे घेऊन उभा राहणारा माणूस एकच होता.

या भाषणांमागे सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशींचे कष्ट आहेत. सरकारी शाळेत आयुष्य घालवलेला हा शिक्षक सरकारी अहवालांतून आकडे उपसून काढी, आणि गोखले पत्रं लिहून त्यांच्याकडे टिपणं मागत. गोखल्यांचं नाव घेताना जोशींचं नाव घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. ज्या हिवाळ्यात हे पहिलं भाषण तयार होत होतं, त्याच हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेतून आलेले मोहनदास गांधी कोलकात्यात गोखल्यांच्या घरी सुमारे महिनाभर राहिले. शेजार प्रफुल्लचंद्र रायांचा होता. गोखल्यांचा एक क्षणही वाया जात नाही, हे गांधींनी तिथे पाहिलं आणि पुढे आत्मकथेत लिहून ठेवलं.

1909 च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी सभागृह मोठं झालं, ठराव मांडता येऊ लागले आणि त्यांवर मतविभागणी मागता येऊ लागली. वाढीव साठ सभासदांपैकी सत्तावीस निवडून आलेले. बहुमत मात्र कायद्यानेच सरकारी अधिकाऱ्यांचं राखलं होतं, आणि अधिकाऱ्याने सरकारच्या बाजूनेच हात वर करायचा हा दंडक होता. त्यामुळे कोणताही ठराव जिंकायचा तर सरकारनेच तो मानायला हवा. तसं एकदा घडलं. 25 फेब्रुवारी 1910 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीला गिरमिटिया मजूर पाठवणं थांबवण्याचा गोखल्यांचा ठराव सरकारने स्वीकारला आणि 1 जुलै 1911 पासून ती भरती बंद झाली. फिजी, त्रिनिदाद, डेमेरारा, सुरिनाम इथली भरती मात्र चालूच राहिली. ज्या सभागृहात ही चर्चा होत होती तिथून गार्डन रीचचे डेपो काही मैलांवर होते. बिहार आणि संयुक्त प्रांतातली माणसं तिथे पाच वर्षांच्या करारावर अंगठे उठवून हुगळीतल्या जहाजांवर चढत. करार मोडला तर दिवाणी दावा होत नसे, थेट तुरुंग असे. नदीकाठावर सुरिनाम घाट हे नाव अजून आहे.

4 मार्चच्या 22 मतांमागे हे सगळं होतं. परदेशात आपला माणूस गुलामासारखा राबवला जातो, यावर जमीनदार, वकील, व्यापारी, हिंदू, मुसलमान यांचं एकमत व्हायला अडचण नव्हती. त्या मताची किंमत कोणालाच स्वतःच्या खिशातून मोजायची नव्हती.

शिक्षणाच्या विधेयकाची किंमत होती. 16 मार्च 1911 ला मांडलेलं ते विधेयक आज वाचताना किती बेताचं होतं ते जाणवतं. सक्ती देशभर एकदम नव्हती. ज्या नगरपालिकेत किंवा जिल्हा बोर्डाच्या हद्दीत ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात, तिथेच, त्या संस्थेला वाटलं तर, सरकारची मंजुरी घेऊन सक्ती लागू करता येणार होती. वय सहा ते दहा, आरंभी फक्त मुलगे. महिना दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकाला फी माफ. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलायचा आणि दोन तृतीयांश सरकारने द्यावा अशी गोखल्यांची अपेक्षा होती. 1901 च्या जनगणनेत शंभरात सहा माणसंही साक्षर नव्हती, अशा देशासाठी ही मागणी होती.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला होता आणि 1906 पर्यंत तो संपूर्ण राज्याला लागू केला होता. त्याहीआधी, 1882 साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढच्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली होती. शेतकऱ्याच्या घामातून आलेला सारा वरच्या वर्गांच्या उच्चशिक्षणावर उधळला जातो, हे फुल्यांचं म्हणणं होतं. कोलकात्यात तीस वर्षांनी जे घडलं त्याचं निदान फुल्यांनी आधीच करून ठेवलं होतं, असं मला वाटतं. शिक्षण सदस्य हार्कोर्ट बटलर यांचे आक्षेप ठरलेले होते: पैसा नाही, प्रशिक्षित शिक्षक नाहीत, प्रांतिक सरकारांना हे नको आहे, लोकांचीही मागणी नाही. खरं तर आदल्याच डिसेंबरात दिल्ली दरबारात बादशहाच्या नावाने शिक्षणासाठी पन्नास लाख जाहीर झाले होते आणि जानेवारीत कोलकाता विद्यापीठाच्या मानपत्राला उत्तर देताना स्वतः पंचम जॉर्ज यांनी देशभर शाळा-महाविद्यालयांचं जाळं विणलेलं पाहण्याची इच्छा बोलून दाखवली होती. पण सभागृहात पंजाबचे जमीनदार मलिक उमर हयात खान यांच्यासारखे आपलेच सभासद विरोधाला उभे राहिले. बाजूने बोलणाऱ्यांत मुंबईचे तरुण बॅरिस्टर महंमद अली जिन्ना होते आणि त्यांनी अगदी ठासून पाठिंबा दिला. सत्तावीस निवडून आलेल्या जागा आणि तेरा मतं. उरलेल्यांत कोणी विरोधात गेला, कोणी आला नाही, कोणी गप्प राहिला. खेड्यातल्या मुलाच्या पदरी पडलं ते सारखंच. कुळवाड्याचा पोर शाळेत गेला तर गुरं कोण राखणार आणि शिक्षणाचा कर कोण भरणार, हे प्रश्न या सभासदांच्या घरातले होते.

या चर्चेत गोखल्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली मोठी वाटते. पैसा कुठून आणायचा याचं उत्तर देताना ते म्हणाले, वेळ पडली तर मिठावरचा कर मणामागे आठ आणे वाढवा, मी पाठिंबा देईन. लोकांनी थोडं कमी मीठ खाल्लेलं परवडेल, मुलं अज्ञानात वाढलेली परवडणार नाहीत, असा त्यांचा विचार होता. दहा वर्षं मिठावरचा कर उतरवण्यासाठी झगडलेला हा माणूस. करकपातीची मागणी करणारे सभासद पुष्कळ असतात आणि शाळा मागणारेही पुष्कळ असतात. दोन्हींत आपल्याला अधिक काय हवं आहे आणि त्यासाठी आपण काय सोडायला तयार आहोत, हे नोंदवहीत लिहून देणारे विरळा. या प्रस्तावाशी मी सहमत नाही. मीठ गरिबालाच जास्त लागतं. पण धोरण म्हणजे काय, हे गोखल्यांना कळलेलं होतं.

त्यांच्या खात्यावर एक नोंद अशीही आहे जी मला क्षम्य वाटत नाही. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकला तिथला कलेक्टर जॅक्सन याचा खून झाला आणि 24 जानेवारी 1910 ला कोलकाता हायकोर्टाच्या आवारात पोलीस अधिकारी शम्सुल आलम मारला गेला. दोनच आठवड्यांत, 8 फेब्रुवारीला, नवा प्रेस कायदा मंजूर झाला. छापखान्याकडून अनामत घ्यायची आणि मजकूर सरकारला राजद्रोही वाटला तर ती जप्त करायची, असा त्याचा गाभा. पंडित मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू विरोधात उभे राहिले. गोखले राहिले नाहीत. मन मारून का होईना, त्यांनी कायद्याला पाठिंबा दिला. 1907 साली सिमल्यात राजद्रोही सभांच्या कायद्याला रासबिहारी घोषांसोबत ठाम विरोध करणारे हेच गोखले. हायकोर्टाकडे दाद मागण्याची सोय आहे, तेव्हा सरकार हे हत्यार जपून वापरेल, हा त्यांचा विश्वास होता. 1914 मध्ये याच कायद्याखाली मौलाना आझादांच्या कोलकात्याच्या ‘अल-हिलाल’ची अनामत जप्त झाली आणि पत्र बंद पडलं. कायदा 1922 मध्ये रद्द होईपर्यंत कितीतरी छापखाने त्याखाली चिरडले गेले. हे मत नोंदलेलं आहे म्हणूनच त्याचा जाब आज विचारता येतो. शिक्षण विधेयकासाठी गोखल्यांपुढे मान झुकवणाऱ्याने हाही जाब विचारायला हवा.

पुढे गिरमिटाचा प्रश्न मालवीयांनी 1916 मध्ये पुन्हा मांडला, तेव्हा लॉर्ड हार्डिंग यांच्या सरकारने तो ठराव मानला. 1917 मध्ये भरती थांबली. गोखले तोवर गेले होते, 19 फेब्रुवारी 1915 ला. ज्या ठरावाला 22 मतं मिळाली तो पाच वर्षांत प्रत्यक्षात आला. ज्याला 13 मिळाली त्याला नव्वद वर्षं लागली. मधल्या काळात कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं आणि 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना मुभा मिळाली. राजाच्या आदेशाला मतं मोजावी लागत नाहीत. घटनेतलं कलम 21 अ आलं 2002 मध्ये, शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये, आणि अंमल 1 एप्रिल 2010 पासून.

तो कायदा लोकसभेत 4 ऑगस्ट 2009 रोजी आवाजी मतदानाने मंजूर झाला. म्हणजे त्या दिवशी कोणत्या खासदाराने काय मत दिलं, याची नोंद नाही. घटनादुरुस्तीला मतविभागणी अनिवार्य असते. साध्या कायद्याला ती सभासदाने मागितली तर. 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत कृषी विधेयकांवर ती मागूनही मिळाली नाही, असं विरोधकांचं म्हणणं होतं, आणि गदारोळात आवाजी मतदान झालं. शेतकऱ्यांना ज्या कायद्यांविरुद्ध वर्षभर रस्त्यावर बसावं लागलं, त्यांवर आपल्या राज्यातल्या सभासदांनी काय केलं, हे दाखवणारी यादी नाही.

विभागणी झाली तरी पक्षादेश आहेच. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीपासून पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्या सभासदाचं पद जाऊ शकतं. 1912 च्या त्या सभागृहात सरकारी अधिकाऱ्याला स्वतःचं मत नव्हतं, निवडून आलेल्याला होतं. आज ते निवडून आलेल्यालाही नाही, आणि ही स्थिती मला फार काळजीची वाटते. खासगी विधेयकं मांडायला शुक्रवारची दुपार राखीव असते, पण स्वतंत्र भारताच्या संसदेने अशी चौदाच विधेयकं संमत केली आणि त्यांतलं शेवटचं 1970 मध्ये. गोखल्यांचं विधेयक खासगीच होतं. त्यावर देशभरातून मतं मागवली गेली, दोन दिवस चर्चा झाली आणि मोजणी झाली.

1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवलं होतं की, पद जाण्याची शिक्षा विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावासारख्या, सरकार टिकण्याशी संबंध असलेल्या मतदानापुरती ठेवावी. विधी आयोगानेही 1999 च्या अहवालात त्याच दिशेची शिफारस केली. यांतलं काही अमलात आलेलं नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती हवी आणि ती पक्षनेतृत्वाच्या मर्जीवर आहे. नावनिशी मतदान मात्र सभागृहाच्या नियमातल्या एका बदलाने होऊ शकतं. शिक्षण, जमीन आणि कर यांवरच्या प्रत्येक विधेयकाच्या अंतिम वाचनाला, कोणी मागो न मागो, विभागणी व्हावी आणि यादी त्याच संध्याकाळी जाहीर व्हावी. लोकसभेच्या बाकांवर त्यासाठी लागणारी बटणं आहेत.