झाकण

शिकागोतला जानेवारीतला रविवार घरात बसूनच काढायचा असतो. सकाळी नऊला मी स्लो कुकरमध्ये तीन पाउंड चक रोस्ट ठेवला. चक म्हणजे गाईच्या खांद्याकडचा भाग. चिवट, म्हणून स्वस्त. खाली कांद्याच्या जाड चकत्या, बाजूने गाजर, बटाटे, लसूण, वरून मीठ-मिरी आणि कपभर स्टॉक. 'लो'वर आठ-नऊ तास. मंद आचेवर त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि सकाळी सुरीला दाद न देणारं मांस संध्याकाळी चमच्याने सुटतं. अट एकच, मध्ये झाकण उघडायचं नाही.

साडेनऊला आईचा व्हिडिओ कॉल आला. पुण्यात रात्रीचे नऊ.

"काय शिजतंय गं?"

"राजमा."

रूममेट शेजारीच भांडी विसळत होती. ती लातूरकडची. कॉल संपल्यावर म्हणाली, "मी शाळेत वांगं सांगायचे."

तिच्या आजीकडे हे शिजायचं तेव्हा खिडकी लावून घेत. उरलेल्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या दलितांचा हा स्वयंपाक लिहून ठेवलाय. पुस्तक 2015चं. त्याच वर्षी महाराष्ट्रात गाईपाठोपाठ बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली.

माझ्या राजम्याला मी आजवर निरुपद्रवी समजत होते. आईला वाईट वाटू नये म्हणून बोललेलं खोटं, त्यात कुणाचं काय जातं? पण तिचं वांगं आणि माझा राजमा एकाच मापाने मोजता येत नाहीत. मी पकडले गेले तर आई दोन दिवस अबोला धरेल. ती पकडली गेली असती तर डब्याला कुणी शेजारी बसलं नसतं. पुढे भाड्याची खोली बघतानाही तिला तेच वांगं सांगावं लागलं. तिने नाइलाजाने पांघरलेलं मी सोयीसाठी पांघरत होते.

आणि आईला मी नेमकं कशापासून जपत होते? गाय मारून खावी का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं छातीठोक उत्तर माझ्याकडे नाही. पण माझ्या तोंडून राजमा निघाला तो गाईच्या दयेपोटी नाही. हे खाणं सांगण्यासारखं नाही, एवढंच त्यात होतं. म्हणजे रूममेटच्या आजीच्या खिडकीला मीही बाहेरून कडी लावली. तीही तिच्यासमोर, तिने विसळलेल्या भांड्यांच्या शेजारी उभं राहून.

गंमत म्हणजे हे यंत्रही एका धार्मिक नियमातूनच आलंय. ज्यू लोकांमध्ये शब्बाथला चूल पेटवायची नसते. म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी मांस, घेवडा, बटाटे भरलेलं भांडं गावच्या बेकरीत न्यायचं आणि विझत चाललेल्या भट्टीत रात्रभर ठेवायचं. त्या पदार्थाचं नाव चोलेंट. याच शिकागोतल्या अर्व्हिंग नॅक्सन यांनी आईकडून ही गोष्ट ऐकली आणि विजेवर मंद शिजवणारं भांडं बनवलं. 1940 साली त्यांना पेटंट मिळालं. त्या नियमात मला आवडतं ते हे, की भांडं रस्त्यावरून उघडपणे जायचं. लपवायचं काही नव्हतं.

स्लो कुकरला तसंही लपवता येत नाही. दुपारपर्यंत वास जिन्यात पोचला होता.

सहाला आम्ही जेवलो. रूममेटने रश्श्यात काळा मसाला घातला, मला न विचारता. बरं केलं.

सातला पुन्हा आईचा फोन. पुण्यात सकाळचे साडेसहा, बाबांच्या डब्याची घाई.

"झाला का राजमा नीट?"

"राजमा नव्हता, आई."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. तिसरी झाली नाही, तिने गॅस बंद केला असावा.

"मग काय होतं?"