वजनकाटा आणि खादाडपणाचे पाप

जुन्नर-आंबेगावात पाहुण्याला मासवडी वाढताना आपण किती आग्रह करतो! ताटावर आडवा हात धरणाऱ्यालाही सोडत नाही. परंतु त्याच पंगतीत एखादी अतिस्थूल व्यक्ती बसली की साऱ्यांच्या नजरा तिच्या ताटावर खिळतात. पुढे तिने पुण्याला जाऊन जठराची शस्त्रक्रिया करून घेतल्याचे कळले, की आपण म्हणतो, ‘तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती.’ हा निवाडा न्याय्य आहे काय?

खादाडपणाची गणना ख्रिस्तसभेने सात प्रमुख पातकांत केली आहे, हे खरे. मात्र सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या संत ग्रेगरी यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले: अवेळी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास, जिभेचे चोचले, अतिसेवन आणि अधाशीपणा. यांपैकी एकही वजनकाट्यावर मोजता येत नाही. सडपातळ माणूस खादाड असू शकतो आणि स्थूल माणूस संयमी.

2017 साली इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारांसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले. त्यांचे वजन सुमारे 500 किलो असल्याचे सांगण्यात आले होते. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचवणाऱ्या यंत्रणेशी निगडित जनुकात दोष असल्याचे डॉक्टरांनी तेव्हा जाहीर केले. तेथे त्यांच्यावर दुर्बिणीद्वारे जठराची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचे निधन झाले. असा दोष विरळाच. तथापि भूक केवळ इच्छाशक्तीच्या आज्ञेत नसते, एवढे त्यावरून उमगते.

आता अशा शस्त्रक्रिया रोबोटच्या साह्यानेही होतात. रोबोट स्वतः काहीच ठरवत नाही; शल्यविशारदच त्याचे हात चालवतो. त्याचा खर्च मोठा, आणि नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेहून त्याचा परिणाम सरस असल्याचे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. म्हणून त्यापायी शेत गहाण टाकण्याचे कारण नाही. पद्धत कोणतीही असो, जठर लहान होते, भूक जागवणारे संप्रेरकही बहुधा घटते. पण पथ्य, जीवनसत्त्वे आणि तपासण्या जन्मभर सुटत नाहीत. मग हिला पळवाट कशी म्हणावी? ती संयमातून सुटका करत नाही, संयम आवाक्यात आणते.

आपल्या धर्मग्रामात असा रुग्ण असेल, तर त्याला उपदेशापेक्षा सोबतीची गरज अधिक आहे. ग्रेगरींची ती पाच मापे आपण आधी आपल्याच ताटाला लावून पाहावीत.